एनर्जी कंपनीने डायरेक्ट डेबिट वाढवला? आधी आपला हिशोब मांडा

ब्रिटनमधला पहिला हिवाळा कसाबसा निघतो. थर्मल, बॉयलर, दुपारी चारला पडणारा अंधार, सगळ्याची सवय होते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास एनर्जी कंपनीची ईमेल येते. मजकूर अगदी गोड असतो: आम्ही तुमच्या खात्याचा आढावा घेतला आहे, तुमचा मासिक डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) ८५ पौंडांवरून १४९ पौंड करत आहोत, तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही.

यातलं शेवटचं वाक्य मनावर घेऊ नका. मी घेतलं होतं. पहिल्या वर्षी कंपनीने सांगितलेला आकडा मी सहा महिने मुकाट्याने भरला, कारण वीज कंपनीशी हुज्जत घालून काही निघतं यावर आपला मुळातच विश्वास नसतो. सप्टेंबरात सहज ॲप उघडलं तर माझे चारशेच्या वर पौंड कंपनीकडे पडून होते. बिनव्याजी. त्या वर्षी भारताचं तिकीट आम्ही क्रेडिट कार्डावर काढलं होतं.

म्हणून हा लेख, इथे नव्याने आलेल्या मंडळींसाठी. यातले नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे आहेत. नॉर्दर्न आयर्लंडची नियामक संस्था वेगळी आहे आणि खाली येणारी प्राइस कॅप, म्हणजे दरांवरची कमाल मर्यादा, तिथे लागू नाही. बेलफास्टवाल्यांनी हिशोबाचा भाग घ्यावा, नियम तिथले पाहावेत.

हप्ता म्हणजे बिल नव्हे

आपल्याकडे महावितरणचा माणूस रीडिंग घेऊन जातो, बिल येतं, तेवढे पैसे आपण भरतो. गॅसचा सिलिंडर लावला की संपेपर्यंत विषय संपला. त्यामुळे दरमहा खात्यातून जाणारी रक्कम म्हणजेच त्या महिन्याचं बिल, असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही.

इथली कंपनी तुमच्या वर्षभराच्या वीज-गॅसचा अंदाज बांधते, त्याला १२ ने भागते आणि तेवढा हप्ता दरमहा घेते. उन्हाळ्यात तुम्ही वापरता त्यापेक्षा जास्त भरता, ते खात्यात साठतं, आणि हिवाळ्यात बॉयलर ते खाऊन टाकतो. दिवाळीच्या सुमारास साठा भरपूर आणि होळीनंतर खडखडाट, असं चाललं तर सगळं ठीक चाललं आहे.

बिल वेगळं असतं. ते खऱ्या वापरावर निघतं, दर महिन्याला किंवा तिमाहीला. हप्ता हा अंदाज आहे. बिल चुकीचं असेल तर कंपनीने चूक केली, आणि हप्ता चुकीचा असेल तर कंपनीचा अंदाज हुकला. दुसरी गोष्ट फार सर्रास होते.

शिवाय डायरेक्ट डेबिटमध्ये रक्कम ठरवण्याचा अधिकार समोरच्याला असतो. भाड्यासाठी आपण बँकेत जी स्टँडिंग ऑर्डर लावतो तिचा आकडा आपल्या हातात असतो. डायरेक्ट डेबिटचा नसतो. भारतात एसआयपीसाठी मॅन्डेट दिलेलं असेल तर कल्पना येईल, फक्त इथे आकडा कंपनीच बदलते, तुम्हाला नुसतं आगाऊ कळवते.

हप्ता वाढतो तो तीन कारणांनी

दर वाढले, वापर वाढला, किंवा खात्यावर थकबाकी झाली. ईमेल आली की आपल्या बाबतीत यातलं कोणतं, हे आधी शोधायचं.

दरांचं आधी. इथली नियामक संस्था ऑफजेम. जानेवारी २०१९ पासून तिने प्राइस कॅप लावलेली आहे आणि ऑक्टोबर २०२२ पासून ती दर तीन महिन्यांनी बदलते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. बातम्यांत “कॅप १,७५५ पौंड” (हा २०२५ च्या शेवटच्या तिमाहीचा आकडा) असं ऐकलं की आपलं वर्षाचं बिल त्याच्या वर जाणार नाही असं वाटतं. चूक. कॅप एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर आहे. तो मोठा आकडा एका ठरावीक घराचा हिशोब आहे, त्यात धरलेला वापर असा: वर्षाला २,७०० युनिट वीज, ११,५०० युनिट गॅस (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, गॅसचाही). तुम्ही दुप्पट वापरलंत तर बिलही दुपटीच्या आसपास जाईल, कॅप मध्ये पडणार नाही.

आणखी एक गैरसमज मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच: “आम्ही तर फिक्स्ड घेतलंय, मग हप्ता कसा वाढला?” फिक्स्ड टॅरिफमध्ये दर बांधलेला असतो, हप्ता नाही. तुम्ही जास्त वापरलंत, किंवा तुम्ही जास्त वापरता असं कंपनीला वाटलं, तर फिक्स्डवरही हप्ता वाढतो. मात्र फिक्स्डवर असताना वाढ झाली तर “दर वाढले” हे उत्तर कंपनीला देता येत नाही, हा एक फायदा.

हा विषय इथे किती तापला होता ते ठाऊक असलेलं बरं. २०२१ च्या शरद ऋतूपासून गॅसचे घाऊक भाव भडकले, दोन डझनांहून जास्त छोट्या कंपन्या बुडाल्या. एप्रिल २०२२ मध्ये कॅप १,२७७ वरून १,९७१ पौंडांवर गेली. हप्ते वाढणार हे उघडच होतं, पण काहींचे हप्ते दरवाढीच्या मानाने फारच वाढले. ऑफजेमने १७ कंपन्यांची तपासणी केली तेव्हा पाच लाखांवर ग्राहकांचे हप्ते दुपटीहून जास्त झालेले आढळले, आणि ते सगळे पुन्हा तपासायला कंपन्यांना सांगण्यात आलं. तेव्हा फोनवर शंका काढताना संकोच करू नका. तुमच्या आधी नियामकानेच तो प्रश्न विचारून झाला आहे.

पायरी १: ईमेल पुन्हा वाचा, कागद काढा

चार गोष्टी लिहून काढा. नवा हप्ता कितीचा आणि कोणत्या तारखेपासून. खात्यावर आज जमा आहे की थकबाकी, आणि किती. वर्षभराचा वापर कंपनीने किती युनिट धरला आहे. आणि शेवटचं रीडिंग खरं होतं की अंदाजे.

पहिल्या दोन ईमेलमध्येच सापडतात. तिसरी बिलावर असते, बहुतेक दुसऱ्या पानावर, “ॲन्युअल कन्झम्प्शन” किंवा तशाच नावाखाली. वीज वेगळी, गॅस वेगळा. चौथी रीडिंगच्या शेजारी असते: “एस्टिमेटेड” लिहिलं असेल तर ते आपल्याकडच्या सरासरी बिलासारखं, कोणी मीटर पाहिलेलाच नाही.

हप्ता बदलण्याआधी कंपनीने तुम्हाला कळवलंच पाहिजे, साधारणपणे १० कामाचे दिवस आधी. हा डायरेक्ट डेबिट गॅरंटीचा भाग आहे. न कळवता किंवा कळवल्यापेक्षा जास्त रक्कम कापली गेली तर थेट आपल्या बँकेकडे परतावा मागता येतो आणि बँकेला तो द्यावा लागतो. पण नीट कळवून घेतलेला हप्ता निव्वळ जास्त वाटतो म्हणून हा मार्ग वापरू नका. ती या गॅरंटीतली चूक धरली जात नाही, आणि हक्क नसताना घेतलेले पैसे परत करावे लागतात.

पायरी २: मीटरपाशी जा

कंपनीला फोन लावण्याआधी मीटरचं रीडिंग घ्या, फोटोसकट. गॅसचा मीटर घराबाहेर पेटीत असेल तर ती उघडायला छोटी त्रिकोणी भोकाची किल्ली लागते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, घरमालकाच्या एजंटची वाट पाहत बसू नका. फ्लॅटमध्ये मीटर जिन्याखाली किंवा तळमजल्याच्या कपाटात असतात आणि शेजाऱ्याच्या मीटरचं रीडिंग वर्षभर देणारी माणसं मी पाहिली आहेत. मीटरवरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळतो का ते एकदा पाहा. न जुळला तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी तेच निस्तरा.

स्मार्ट मीटर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. स्मार्ट मीटर कंपनीशी बोलायचा थांबतो, कधी सिग्नल नाही म्हणून, कधी कंपनी बदलल्यावर. मग बिलं गुपचूप अंदाजावर जातात.

गॅसच्या बाबतीत एक गंमत आहे. गॅसचा मीटर युनिट मोजत नाही, घनफळ मोजतो, आणि त्यावरून किलोवॅट-तास काढले जातात. नवे मीटर घनमीटरमध्ये मोजतात, जुने शंभर घनफुटांत. एका घनमीटरचे साधारण ११ युनिट होतात, तर जुन्या मीटरवरच्या एका आकड्याचे जवळजवळ ३२. घनमीटरच्या मीटरला कंपनीने घनफुटांचा समजलं तर गॅसचं बिल जवळजवळ तिप्पट येतं. मीटरच्या तोंडावर एम-क्यूब लिहिलंय की एफटी-क्यूब, ते पाहून बिलाशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

गॅस नसलेल्या फ्लॅटमध्ये रात्री तापणारे स्टोरेज हीटर आणि इकॉनॉमी सेव्हनचा मीटर असतो. त्यावर दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन रीडिंगं असतात. रात्रीचा दर स्वस्त. ही दोन कंपनीच्या नोंदीत उलटी पडली तर तुम्ही रात्रीची वीज दिवसाच्या भावाने घेत राहता. नीट पाहून घ्या.

खरं रीडिंग ॲपवर भरलं की एक-दोन दिवसांत खात्याचा आकडा बदलतो. बऱ्याच वेळा प्रश्न इथेच सुटतो.

पायरी ३: वर्षाचा हिशोब स्वतः करा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नव्याने आलेल्यांचा घात बहुतेक इथेच होतो. म्हणून जरा बैजवार सांगतो.

धरा, एक जोडपं १ ऑक्टोबरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं. कंपनीने खोल्या मोजून ८५ पौंड हप्ता लावला. दर सोयीसाठी गोल धरू: वीज युनिटला २६ पेन्स, गॅस ६ पेन्स, दोन्हींचा मिळून स्थिर आकार रोजचा ८५ पेन्स, पाच टक्के व्हॅट त्यातच. तुमचे खरे दर बिलावर असतात, आणि प्रदेशागणिक बदलतात.

पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, त्यांनी १,००० युनिट वीज आणि ५,८०० युनिट गॅस वापरला. विजेचे २६० पौंड, गॅसचे ३४८, स्थिर आकाराचे १८२ दिवसांचे १५५. एकूण ७६३. भरले किती? ८५ गुणिले सहा, ५१०. म्हणजे २५३ पौंड थकबाकी.

आता कंपनीकडे या घराची माहिती फक्त हिवाळ्याची आहे. आढावा घेताना सहा महिन्यांच्या वापराची सरळ दुप्पट केली तर वर्षाचे २,००० युनिट वीज आणि ११,६०० युनिट गॅस होतात. पैशांत १,५२६ पौंड, महिन्याला १२७. त्यावर थकबाकीचे बारा हप्ते, दरमहा २१. झाले १४८-१४९ पौंड. ईमेलमधला आकडा आला.

पण जुलैत कोण हीटर लावतं? घरातला गॅस बहुतेक सगळा खोल्या तापवण्यात आणि पाणी गरम करण्यात जातो, कुकरच्या शिट्ट्यांत नव्हे. एवढ्या फ्लॅटला वर्षाचे १,८०० युनिट वीज आणि ७,५०० युनिट गॅस हा अंदाज रास्त आहे. कमी वापराचं घर म्हणून ऑफजेमने २०२३ मध्ये धरलेले आकडे हेच. त्याचे होतात ४६८ अधिक ४५० अधिक स्थिर आकाराचे ३१०, म्हणजे १,२२८ पौंड. महिन्याला १०२ पौंड आणि काही पेन्स.

मग थकबाकीचं काय? इथे थोडं थांबा. ही मंडळी अगदी पहिल्या महिन्यापासून योग्य हप्ता, १०२ पौंड, भरत असती तरी मार्चअखेर त्यांच्या नावावर सुमारे १५० पौंड थकबाकी दिसलीच असती, कारण ऐन थंडीच्या तोंडावर ती शून्यापासून सुरू झाली. ती उन्हाळ्यात आपोआप फिटते. खरी तूट फक्त सुमारे १०० पौंडांची, ८५ चा हप्ता कमी होता म्हणून पडलेली. ती वर्षभरात फेडायची तर महिन्याला नऊ पौंड. म्हणजे १११ पौंड.

कंपनी याला हरकत घेईल, आणि ती अगदीच गैर नसेल. पुढच्या मार्चअखेर तुमचं खातं शून्याच्या खाली असू नये, अशी तिची इच्छा असते. त्यासाठी सगळी २५३ पौंड थकबाकी बारा महिन्यांत फेडायची तर १०२ अधिक २१, म्हणजे १२३ पौंड. माझ्या मते या घराचा वाजवी हप्ता १११ ते १२३ च्या मधला. १२३ वर मी भांडणार नाही. १४९ वर भांडेन.

तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच: वर्षाचा खरा वापर गुणिले दर, अधिक ३६५ दिवसांचा स्थिर आकार, अधिक थकबाकी किंवा वजा शिल्लक, भागिले १२. घरात पूर्ण वर्ष झालं असेल तर सोपं आहे, मागच्या वर्षी याच तारखेचं रीडिंग आजच्या रीडिंगमधून वजा करा, अंदाजाची गरजच नाही.

आणि हिशोब करून आकडा कंपनीच्या जवळपास आला तर? मग हप्ता बरोबर आहे, भरा. आई-बाबा सहा महिने येऊन राहिले, दिवसभर हीटिंग चालू होतं, टंबल ड्रायर रोज लागत होता, असं असेल तर वाढ खरीच असते. कंपनी नेहमी लुबाडतेच असं नाही. माझ्या एका मित्राने तावातावाने फोन लावला आणि त्याचा हप्ता आणखी १२ पौंडांनी वाढला, कारण त्याने स्वतःच रीडिंगचा एक आकडा कमी टाइप केला होता.

पायरी ४: फोन करा, आणि मोघम बोलू नका

“इट्स टू मच” म्हणून सुरुवात केलीत तर समोरचा माणूस तुम्हाला हीटिंग एक डिग्रीने कमी करण्याचा सल्ला देईल. त्याऐवजी विचारा: हा आकडा कसा काढला? वर्षाला किती युनिट धरले? थकबाकी किती महिन्यांत वसूल करताय? कंपनीच्या परवान्यातच अट आहे की ठरावीक हप्ता हा उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या आणि ताज्या माहितीवर आधारलेला हवा, आणि तो कसा ठरवला हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. नव्या रीडिंगपेक्षा ताजी माहिती दुसरी कोणती असणार?

थकबाकी बाराऐवजी सहा महिन्यांत वसूल करायला घेतली असेल तर हप्ता उगाच फुगतो. बारा महिने मागा. उगीच कमी आकडा मात्र मागू नका, १११ निघत असताना ८५ वर अडून बसलात तर तोच वाद पुढच्या मार्चमध्ये मोठा होऊन येईल.

उच्चाराचा, इंग्रजीचा न्यूनगंड असेल तर फोन सोडा, चॅट किंवा ईमेल वापरा. लेखी राहतं हा वरचा फायदा. अनेक कंपन्यांच्या ॲपमध्ये हप्ता स्वतःच कमी-जास्त करता येतो, ठरावीक मर्यादेत. तिथे आपला आकडा बसला तर फोनचीही गरज नाही.

आणखी एक पर्याय आहे, व्हेरिएबल डायरेक्ट डेबिट. जेवढं बिल तेवढेच पैसे कापले जातात, आपल्या महावितरणसारखं. सगळ्या कंपन्या देत नाहीत. हिशोबी माणसाला हे आवडतं, पण जानेवारीचा आकडा बघून छातीत धस्स होतं. उन्हाळ्यात वाचलेले पैसे स्वतः बाजूला टाकायची शिस्त असेल तरच घ्या.

एक गोष्ट मात्र करू नका: रागाच्या भरात बँकेच्या ॲपमधून डायरेक्ट डेबिट रद्द करू नका. रद्द करणं एका बोटाचं काम आहे आणि तो तुमचा हक्कही आहे. पण डायरेक्ट डेबिटचे दर बिल आल्यावर भरणाऱ्यांच्या दरांपेक्षा स्वस्त असतात, तो फायदा जातो. आणि थकबाकी राहिली तर क्रेडिट रेकॉर्डवर डाग पडू शकतो. नव्याने आलेल्या माणसाचं क्रेडिट रेकॉर्ड आधीच कोऱ्या पाटीसारखं असतं, त्यावरची पहिली नोंद ही नको.

पायरी ५: ऐकत नसतील तर तक्रार

“मला तक्रार नोंदवायची आहे” असं स्पष्ट सांगा, किंवा ईमेलच्या विषयात “कम्प्लेंट” शब्द घाला. ठरावीक शब्दांची सक्ती नाही, नियमाने तुम्ही कोणत्याही शब्दांत नाराजी कळवली तरी ती तक्रारच धरली जाते, पण स्पष्ट सांगितलं की तारखेबद्दल वाद राहत नाही. सोबत आपला हिशोब जोडा, वरच्यासारखा, दहा ओळींत. मीटरचा फोटो जोडा.

त्या दिवसापासून कंपनीला आठ आठवडे मिळतात. त्यात निकाल लागला नाही, किंवा कंपनीने आधीच “आमचं शेवटचं म्हणणं हेच” असं पत्र दिलं, तर एनर्जी ओंबड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. फी नाही, वकील नको. असं पत्र आलं असेल तर १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. ओंबड्समनचा निर्णय तुम्ही मान्य केलात तर कंपनीवर बंधनकारक. नाही पटला तर तुम्ही सोडून देऊ शकता, कंपनी नाही. मध्ये कुठे सल्ला लागला तर इंग्लंड आणि वेल्समध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस, स्कॉटलंडमध्ये ॲडव्हाइस डायरेक्ट स्कॉटलंड.

थकबाकी फार जुन्या वापराची निघाली तर आणखी एक नियम आठवा. कंपनीच्या चुकीमुळे बिल वेळेवर निघालं नसेल तर १२ महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे तिला मागता येत नाहीत. मीटरवाल्याला तुम्ही दार उघडत नव्हतात, असं नसलं म्हणजे झालं.

परवडतच नसेल तर

हिशोब बरोबर आहे, हप्ताही बरोबर आहे, पण नोकरी गेली किंवा जोडीदाराची अजून लागली नाही. अशा वेळी गप्प राहणं हा आपला स्वभाव, आणि तोच महागात पडतो. कंपनीला आधी सांगा. फेडीचा हप्ता ठरवताना तुमची ऐपत लक्षात घेणं तिला बंधनकारक आहे. काही कंपन्यांचे अडचणीतल्या ग्राहकांसाठी निधीही असतात, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर नाव घाला. बिल कमी होत नाही, पण वीज जाणार असेल तर आगाऊ कळतं आणि अडचणीत आधी विचारपूस होते. फुकट आहे.

पैसे जास्त साठले असतील तर

जमा असलेली रक्कम तुमची आहे आणि ती परत मागता येते. नाही म्हणायचं तर कंपनीला पटण्याजोगं कारण द्यावं लागतं. पण कधी मागायची ते कळलं पाहिजे. सप्टेंबरात दोन-अडीचशे पौंड दिसतात ते डिसेंबर-जानेवारीचं जळण आहे, ते काढून गणपतीत खर्च केलेत तर मार्चमध्ये पुन्हा तीच ईमेल. हिवाळा संपल्यावर, एप्रिलमध्ये, खरं रीडिंग देऊनही एका महिन्याच्या हप्त्याहून जास्त शिल्लक उरत असेल तर ती खुशाल परत मागा आणि हप्ताही कमी करून घ्या. आढावा कंपनीने घ्यायची वाट पाहायला नको.

घर बदलताना

किल्ल्या हातात आल्या त्या दिवशीच दोन्ही मीटरचे तारखेसह फोटो. त्या पत्त्यावर आधीची कंपनी कोणती आहे ते शोधून तिला रीडिंग कळवा, कारण दिवा लावल्या क्षणापासून तुम्ही तिचे ग्राहक झालेले असता, करार केलेला असो वा नसो. आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमची नाही, फोटो त्यासाठीच. बिल तुम्ही भरत असाल तर भाड्याच्या घरातही कंपनी बदलण्याचा हक्क तुमचा आहे. एजंट काहीही सांगो, भाडेकरारात काय लिहिलंय ते मात्र वाचून घ्या.

सोडतानाही तेच फोटो, आणि नवा पत्ता. शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं आणि शिल्लक असेल तर त्यानंतर १० कामाच्या दिवसांत परत मिळायला हवी. प्रोजेक्ट संपवून भारतात परतणारी मंडळी निघायच्या आठवड्यात इथलं बँक खातंच बंद करून टाकतात आणि मग पुण्यात बसून शंभर-दीडशे पौंडांच्या चेकची वाट पाहतात. तो चेक तिथे वटवायला बँक घेईल ते वेगळंच. शेवटचं बिल मिटून परतावा जमा होईपर्यंत डायरेक्ट डेबिटही राहू द्या आणि खातंही.